सराफ्यातलं २२० रुपयांचं भिंग: खोक्यावर ३० एक्स, आत १० एक्स

"हिरा बघायचाय का सोन्यावरचा शिक्का?" दुकानदारानं विचारलं.

"गवत," मी म्हणालो.

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या लव्हाळ्याच्या जुडीकडं, आणि काही न बोलता काचेखालून एक खोकं काढून समोर ठेवलं.

संभाजीनगरच्या सराफ्यात, सोनारांची हत्यारं विकणाऱ्या बोळातल्या एका दुकानातून गेल्या वर्षीच्या आषाढात हे घडीचं भिंग घेतलं. २५० सांगितले, २२० ला दिलं. स्टीलच्या दोन पात्यांमध्ये काच बसवलेली; बोटानं फिरवली की बाहेर येते, परत फिरवली की आत जाते. सोबत काळ्या रेग्झिनची चिमुकली पिशवी, जी दुसऱ्याच महिन्यात उसवली. सव्वा वर्ष झालं, पाऊस, चिखल, पैठणच्या नाथसागर जलाशयाचं पाणी, गौताळ्याच्या जंगलातली धूळ सगळं या भिंगानं खाल्लं. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी तक्रार. खोक्यावर सोनेरी अक्षरांत "३० एक्स – २१ एमएम" असं छापलंय. २१ एमएम ही काचेची रुंदी, ती खरी आहे, पट्टी लावून मोजली. ३० एक्स म्हणजे वस्तू तीस पट मोठी दिसणार, ते साफ खोटं. नातू दहावीला आहे, त्याच्या विज्ञानात भिंगाचा धडा आहे. आम्ही दोघांनी अंगणात पांढरा कागद ठेवला, त्यावर भिंगातून उन्हाचा ठिपका पाडला आणि ठिपका सगळ्यात बारीक झाला तेव्हा कागदापासून काचेपर्यंतचं अंतर मोजलं. २५ मिलिमीटर, फार तर २६. धडधाकट डोळ्याला नीट दिसायला वस्तू २५ सेंटिमीटरवर धरावी लागते, म्हणजे २५० मिलिमीटर. या अंतराला ठिपक्याच्या अंतरानं भागलं की भिंगाची पट निघते: २५० भागिले २५, झालं की दहा! तीस पट दिसायला हवं असेल तर तो ठिपका आठ मिलिमीटरवर पडायला पाहिजे. २१ मिलिमीटर रुंदीच्या काचेला ते जमणारच नाही. तेवढ्या रुंदीची साध्या काचेची अख्खी गोटी घेतली तरी ती सोळा पटीच्या आसपास थांबते. या प्रयोगात माझ्या पँटीला गुडघ्यावर एक बारीक भोक पडलं, ते वेगळं. (वाळलेल्या गवतावर भिंग उघडं टाकून चहाला जाऊ नका, हे त्या भोकावरून सांगतो.)

बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, त्या दुकानात याच भिंगाची चार वेगवेगळ्या नावांची खोकी होती.

पण गंमत अशी की, झाडंझुडपं बघणाऱ्याला दहाच पट लागते. मी नंतर हौसेनं खरं २० पटीचं एक भिंग चार दिवस उसनं वापरून बघितलं. दिसतो तो तुकडा मुगाच्या डाळीएवढा, उजेड कमी, आणि श्वास घेतला तरी चित्र हलतं. परत दिलं. तेव्हा खोक्यावरचा खोटेपणा सोडला तर आतला माल बरोबर कामाचा निघाला.

पहिले आठ दिवस मला या भिंगातून काहीच दिसलं नाही, हेही कबूल करतो. सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखं हात लांब करून, भिंग पानावर धरून, मी लांबून डोळे बारीक करायचो. दिसायचा तो नुसता धुरळा. शेवटी पैठणीच्या मागावर बसणारी शेजारीण म्हणाली, "काका, डोळ्याला लावा की ते." हेच खरं. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ, इतकं की हाताची मूठ गालाला टेकली पाहिजे. मग पान दुसऱ्या हातात धरून भिंगाकडं आणायचं, भिंग पानाकडं न्यायचं नाही. एक इंच उरला की एकदम चित्र उघडतं. वाचायचा चष्मा असेल तर काढून ठेवा. दुसरा डोळा मिटू नका, पंधरा मिनिटांत डोकं दुखतं. तिनं माझं भिंग घेऊन स्वतःच्या पदरावरचा मोर बघितला, "बरंय" म्हणाली आणि परत दिलं.

आता एवढी उठाठेव कामून, ते सांगतो. मी कालव्यावर नोकरी केली, ३४ वर्षं. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. त्यातला माझ्या वाट्याला आलेला तुकडा मी सायकलवर, मग लुनावर, मग मोटारसायकलवर इतक्या वेळा तुडवला की कुठल्या पुलाखाली मधाची किती पोळी आहेत ते झोपेत सांगेन. पाणीपाळी सुटायच्या आधी कालवा साफ करायचा असायचा. त्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत एकाच ओळीत व्हायची: "गवत व झाडोरा काढणे", पुढं लांबी, रुंदी, चौरस मीटर. ३४ वर्षं तीच ओळ लिहिली. कालव्याच्या काठानं, चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या पाटाच्या तोंडाशी, पाझराच्या ओलीत जे काही हिरवं उगवतं त्याचं माझ्या लेखी नाव एकच होतं, झाडोरा.

ते काम चूक होतं असं मी म्हणत नाही. कालव्यात पाणकणीस माजलं की पाणी शेवटच्या चारीला पोचतच नाही, आणि मातीच्या धरणावर झाड वाढू द्यायचंच नसतं. ते मेलं आणि मुळं कुजली की त्या पोकळीतून पाण्याला वाट मिळते. जायकवाडीचं हे पैठणचं धरण दहा किलोमीटर लांब, बहुतेक सगळं मातीचं. तिथं झाडोरा काढावाच लागतो. पण निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला त्याच कालव्यावर जाऊ लागलो तेव्हा वाटायला लागलं, आपण काय काय काढत होतो, ते एकदा बघावं तरी.

सुरुवात लव्हाळ्यापासून केली. महापुरात लव्हाळे वाचतात हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं; लव्हाळ्याची दांडी तीनधारी असते हे मला साठी उलटल्यावर कळलं. दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा बोटाला लागतात. गवताची दांडी गोल, आत बहुतेक वेळा पोकळ, आणि उसासारखी कांडी असलेली. लव्हाळ्याला कांडी नाहीत, आतून भरीव. इथवर भिंग लागत नाही. भिंग लागतं ते पुढं. पानाचा खालचा भाग दांडीला जिथं गुंडाळलेला असतो तिथं बघा: गवतात ती गुंडाळी एका बाजूनं उघडी असते, सदऱ्याच्या पुढच्या पट्टीसारखी. लव्हाळ्यात ती बंद नळी असते, बनियनसारखी. गवतात पान आणि दांडी मिळतात त्या सांध्यात आतल्या बाजूला एक पातळ झिल्ली किंवा केसांची झालर दिसते. भातात ती चांगली लांब असते. भातात घुसणाऱ्या सावा जातीच्या गवतात ती नसतेच. भात आणि सावा लहानपणी सारखे दिसतात म्हणून किनवटकडचा शेतकरी निंदताना फसतो. ज्याच्याकडं भिंग आहे तो फसणार नाही, फक्त त्याची निंदणी दिवाळीपर्यंत चालेल.

मग मी स्वतः फसलो. कालव्याच्या पाझरात एक गोल दांडीचं, पान नसलेलं, हिरव्या काड्यांचं झुबकं होतं. गोल आहे म्हणजे गवत, असं ठरवून मोकळा झालो. तीन दिवसांनी त्याला कणसं आली तेव्हा भिंग लावलं. गवताच्या फुलाला दोन तुसं असतात, समोरासमोर, मधे फूल. इथं प्रत्येक फुलाला एकच खवला होता. म्हणजे हे लव्हाळ्याच्याच कुळातलं, नुसतं दांडी गोल करून बसलेलं. त्यातही खवल्यांची मांडणी बघायची असते: साध्या लव्हाळ्यात खवले दोन ओळींत बसतात, वेणीच्या दोन पेडांसारखे, या गोल काडीवाल्यात ते चहूबाजूंनी फिरत वर चढतात. एकदा हे दिसलं की परत न दिसणं शक्य नाही. त्या दिवसापासून मी वहीत "झाडोरा" ही ओळ फोडायला लागलो. आजवर त्याची सत्तेचाळीस नावं झालीत. काहींना मराठी नावच सापडलं नाही, ती शास्त्रीय नावानं लिहिलीत, उच्चार माझे मलाच ठाऊक.

विहिरीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या भिंगाचे अर्धे पैसे तिथंच वसूल झाले. आमच्या सोयऱ्यांच्या मळ्यात एक जुनी दगडी विहीर आहे, उपसा नाही, पाण्यावर हिरवी साय धरलेली. सगळे तिला शेवाळ म्हणतात. बादलीभर काढली, पांढऱ्या ताटलीत ओतली. साध्या डोळ्याला दिसतात नुसत्या हिरव्या टिकल्या. भिंगाखाली त्या टिकल्या उलट्या करून मुळं मोजायची. एका टिकलीला एकच मूळ लोंबत असेल तर ती लेम्ना. खालचं अंग लालसर आणि मुळांचा झुबका असेल तर स्पायरोडेला. आणि मूळच नसलेले, मोहरीहून बारीक, रव्यासारखे हिरवे कण असतील तर ती वुल्फिया, जगातली सगळ्यात लहान फूलझाडं. फूलझाड, बरं का, शेवाळ नाही! मिलिमीटरभराचंही नाही आणि त्यालाही फूल येतं. ताटलीत चौथं एक निघालं, तांबूस, खवल्याखवल्यांचं. ते ॲझोला, नेच्याच्या जातीतलं. भातवाले खत म्हणून सोडतात ते. एका बादलीत चार. मी मालकाला दाखवलं. त्यानं भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "मंजे यवढे दिस हिरीत चार पिकं हायती अन् मला एकाचा भाव माहीत न्हाई."

नाथसागरावर जरा उलटं झालं, तिथं मला शिकवणारे भेटले. सकाळी जाळी झाडणाऱ्या भोई मंडळींच्या जाळ्यात पाणवनस्पतींचा गुंता येतो. तेही त्याला शेवाळच म्हणतात, पण "खरखरीत शेवाळ", "पट्टी शेवाळ", "वासाचं शेवाळ" असं. भिंगानं त्यांचंच खरं ठरवलं. खरखरीत म्हणजे हायड्रिला: पानं चक्रात, आणि पानाच्या कडेला करवतीचे दाते, ते बोटाला लागतात म्हणून खरखरीत. तसंच दिसणारं दुसरं एक आहे, पण त्याचं पान टोकाला दोन फाट्यांत फुटतं, इंग्रजी वाय अक्षरासारखं; ते सेरॅटोफायलम. वासाचं म्हणजे कारा. हे मात्र खरोखर शेवाळच आहे, अंगावर चुन्याचा थर धरतं, चुरगळलं तर कुरकुर आवाज आणि उग्र वास. आणि पट्टी शेवाळ म्हणजे व्हॅलिस्नेरिया, फीत कापून पाण्यात सोडल्यासारखी लांब पानं.

या फितीचं लग्न मी भिंगाखाली बघितलं. मादी फूल लांब बारीक देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नर फुलं तळाशी असतात, कणाएवढी. ती झाडापासून सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात, वर आल्यावर उघडतात आणि वाऱ्यानं तरंगत तरंगत मादीला जाऊन भिडतात. नंतर मादीचा देठ स्प्रिंगसारखा वेटोळं घेतो आणि फळ परत पाण्याखाली ओढून नेतो. काठावर पाण्यावर पांढरी भुकटी तरंगत होती, मी ती धूळ समजलो होतो. नावाडी म्हणाला, "ती धूळ न्हाई दादा, शेवाळाचा पराग हाय." त्याला नेमका शब्द ठाऊक नव्हता, पण तो माझ्यापेक्षा जास्त बरोबर होता. बोटाच्या टोकावर त्यातला एक कण उचलून भिंग लावलं तर त्याला तीन इवल्या पाकळ्या होत्या.

इथं भिंगाचा एक दोष. पाण्यात काम करताना काचेच्या कडेनं ओल आत शिरते आणि पुढचे दोन दिवस भिंगात ढग. उन्हात ठेवून सुकवावं लागतं (वर सांगितलेलं भोक आठवून, घडी घालून). पात्यांचा स्क्रू सहाव्या महिन्यात ढिला झाला; सोनाराकडं नेला तर त्यानं दहा रुपयांत बसवून दिला, उलट भिंग बघून "कुठून घेतलं?" असं विचारलं. काच सदऱ्याच्या टोकानं पुसू नका, धुळीचे ओरखडे पडतात. आधी फुंकर, मग मऊ सुती फडकं. गळ्यात अडकवायची दोरी सोबत येत नाही. मी लाल करगोटा बांधलाय. बायको म्हणते, आता तुम्हीच मंगळसूत्र घालून फिरायला लागलात.

नात सहा वर्षांची. तिनं एकदा चारीच्या ओलीतून "आबा, चार पानांची आंबुशी!" म्हणून ओरडत झाड आणलं. आंबुशी आम्ही सगळ्यांनीच चघळली आहे, पण तिला तीन पानं असतात, बदामाच्या आकाराची, आणि चव आंबट. हे चार पानांचं चाखलं तर बेचव. भिंग लावलं. याच्या कोवळ्या पानाचा देठ टोकाला गुंडाळलेला होता, गोगलगाईच्या शंखासारखा. ती नेच्याची खूण. आंबुशीला पिवळं फूल येतं. याला फूल कधीच येत नाही, हा पाण्यातला नेचा, मार्सिलिया. पाणी हटलं की देठाच्या बुडाशी कडक दाण्यासारख्या गोळ्या धरतात, त्यात याचे बीजाणू. नातीला ते काही पटलं नाही. तिच्या मते चार पानं म्हणजे नशीब. मी वाद घातला नाही, गोळ्या मात्र तिला मोजायला लावल्या.

तसाच घोळ आणि चिगळ या दोन भाज्यांचा प्रश्न बायकोनं सोडवला, भिंगाशिवाय. ती हातात घेऊनच सांगते. मी मात्र भिंगातून बघितलं तेव्हा कळलं की तिची बोटं काय ओळखतात: चिगळाच्या प्रत्येक सांध्यात पांढऱ्या केसांचा झुबका असतो आणि पानं समोरासमोर, घोळाची पानं पाळीपाळीनं, जाड, आणि केस जेमतेम. तिला हे दाखवल्यावर ती म्हणाली, "मग? मला काय नवीन सांगायलात?"

ब्राह्मीचा गोंधळ याहून वाईट. कालव्याच्या पाझरात गोल, कंगोरेदार, मूत्रपिंडासारखं पान जमिनीसरशी पसरतं ते मंडूकपर्णी. त्याच ओलीत जाड, रसरशीत, चमच्यासारखी लहान पानं समोरासमोर असलेलं, फिक्या जांभळ्या फुलाचं झाड, ते नीरब्राह्मी. आणि तिसरी जलपिंपळी. तिच्या पानाला टोकाकडच्या अर्ध्या भागात दाते, बुडाकडं साधी कड, फुलांचं एक छोटं बोंड. तिन्ही जमिनीला चिकटून पसरतात, तिन्हींना कोणी ना कोणी ब्राह्मी म्हणतो. नीरब्राह्मीच्या पानावर बारीक ठिपके भिंगाखाली दिसतात. तेलात घालण्याआधी एवढं बघा, मग ज्याला त्याला आपापली ब्राह्मी.

श्रावणात भाचा घृष्णेश्वराला निघाला, पिशवीभर बेल घेऊन. कुठून आणलास विचारलं तर म्हणे ओढ्याकाठचं झाड, काटे नाहीत, तोडायला सोपं. काटा नसलेला बेल ऐकून मला शंका आली. पान घेतलं, उन्हाकडं धरलं, मागून भिंग लावलं. बेलाचं पान असं धरलं की त्यात सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात, ते तेलाचे थेंब; लिंबू आणि कढीपत्त्याच्या पानातही तेच. म्हणून तिघांनाही वास आहे. भाच्याच्या पानात एकही ठिपका नव्हता. तो वायवर्णा होता, ओढ्यानाल्यांच्या काठी वाढणारा, त्यालाही तीनच पानं. बेलाचं मधलं पान लांब देठाचं असतं, बाजूची दोन जवळजवळ बिनदेठाची. वायवर्ण्याची तिन्ही सारख्या आखूड देठाची. भाचा हिरमुसला. मी म्हणालो, अरे ने की, शंकराला तीन पानं मोजता येतात, ठिपके तो मोजत नसेल. बायकोनं मात्र त्याला परसातला बेल काढून दिला, काट्यांसकट.

आणि उंबर. आपल्याकडं एखादा फार दिवसांनी दिसला तर म्हणतात, उंबराचं फूल झालास की. मला ते फूल बघायचं होतं. काठाच्या उंबरावरचं हिरवं, अर्धवट वाढलेलं फळ घेतलं, ब्लेडनं उभं कापलं. आतली पोकळी पूर्ण भरलेली होती, शेकडो फुलांनी, आतल्या भिंतीला डोकं आत करून चिकटलेली. भिंगाखाली प्रत्येकाला वेगळा स्त्रीकेसर दिसतो, काहींचा लांब, काहींचा आखूड. आखूड स्त्रीकेसरांच्या फुलांत एक चिलटाएवढी गांधीलमाशीच्या जातीची माशी अंडी घालते. ती तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून आत शिरते, पंख तिथंच तुटतात. पुढं काही आठवड्यांनी तिची पिल्लं मोठी होतात. नर आंधळ्यागत आतच राहतात, पंखही नसतात त्यांना, ते बाहेर जायला भोक पोखरतात आणि मरतात. माद्या तोंडाजवळच्या नर फुलांचे पराग घेऊन उडतात, दुसऱ्या उंबराकडं. पिकलेलं उंबर फोडल्यावर आपण "किडके" म्हणून फेकतो ते हे. मी सहा फळं कापली, वेगवेगळ्या वयाची, एक तास गेला. घरी आलो तर बायको म्हणाली, "कुठं होतात? उंबराचं फूल झालात." मी म्हणालो, बघूनच आलोय.

जंगलात मात्र भिंगाची मजा कमी. कन्नडकडून गौताळ्यात गेलो, २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पितळखोऱ्याच्या लेण्या तिथंच. तिथं झाड ओळखायचं ते आधी सालीवरून, फांदीवरून, लांबून. अंजनाचं जोडपान, धावड्याची गुळगुळीत पांढुरकी साल, सालईची कागदासारखी सुटणारी. भिंग गळ्यात नुसतं लटकत राहतं. एक उपयोग झाला: ओढ्याच्या पात्रातलं अर्जुनाचं झाड आणि वरच्या उताराचं ऐनाचं. दोघांच्याही पानाच्या बुडाशी दोन गाठी असतात, भिंगातून चहाच्या बशीसारख्या दिसतात, पण अर्जुनाच्या देठाजवळ, ऐनाच्या पानाखालच्या मधल्या शिरेवर. तेही खरं तर साल बघून कळतंच. अर्जुन गुळगुळीत, ऐन मगरीच्या पाठीसारखा.

तिथंच फजिती झाली. हिवाळा होता, झुडपावर मखमली तपकिरी शेंगा, उन्हात चमकणाऱ्या. मखमल कशाची ते बघायला भिंग डोळ्याला लावून नाक जवळ नेलं. सोबतचा पोरगा मागून ओरडला, "काका, खाजकुइरी हाय!" तोवर वारा आला होता. पुढचे दोन तास मी ओढ्यात तोंड घालून बसलो. ते केस भिंगाखाली बघायचे असतील तर शेंग तोडून, बंद काचेच्या डबीत घालून, बाहेरून. अनुभवाचा सल्ला.

पुस्तकांचं सांगतो, कारण नुसत्या भिंगानं नाव कळत नाही. काय बघायचं ते कळतं, नाव पुस्तकात. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा जुना इंग्रजी ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात आपला मराठवाडा नाही, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाकडं. आपल्या जिल्ह्यांवरचं व्ही. एन. नाईक सरांचं दोन खंडांचं काम १९९८ मध्ये आलं. ते इंग्रजीत आहे आणि त्यातली वाक्यं वाचावी लागतात: केस आहेत का, गाठ किती, खवले कोणत्या ओळीत. भिंग हातात नसेल तर ती वाक्यं मुकी असतात. मोबाइलवरची ओळखणारी ॲप मीही वापरतो. बेशरम, कमळ, तालीमखाना असल्या ठळक झाडांना ठीक चालतात. लव्हाळ्याचे तीन फोटो दिले तर तीन नावं येतात. भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर टेकवून फोटो काढला तर उत्तर जरा सुधारतं, हे करून बघा, वरखाली न हलता.

तालीमखान्यावरून आठवलं. त्याच्या प्रत्येक सांध्यावर सहा काटे असतात, ते मोजायला भिंग लागत नाही, हातच मोजतो. पण त्याचं बी घ्या, तळहातावर थेंबभर पाणी टाका आणि भिंग लावून बसा. बियावर चिकटून पडलेले केस ओले होऊन उभे राहतात, फुगतात, आणि बघता बघता बी काचेसारख्या चिकट गोळ्यात जातं. पोरं येतील तेव्हा हा खेळ हमखास दाखवतो.

पाचपैकी चार तारे. एक खोक्यावरच्या खोटेपणाचा कापला. रेग्झिनच्या पिशवीचा अर्धा कापणार होतो, पण सोनाराच्या दहा रुपयांनी तो भरून निघाला.

गेल्या महिन्यात परत सराफ्यात गेलो, कारण माझं भिंग आता बायकोच्या कपाटात असतं. भगर निवडताना ती ते वापरते, मला मागून घ्यावं लागतं. दुकानदारानं ओळखलं. "गवतवाले!" म्हणाला. तेच भिंग काढलं, तेच स्टील, तीच काच. खोक्यावर आता ४० एक्स छापलंय आणि किंमत २६० झालीय.

"हेच द्या," म्हणालो, "पण वीस रुपये कमी करा."